मानेच्या शस्त्रक्रियेआधी आणि शस्त्रक्रियेनंतर

मानेत 7 मणके असतात आणि त्यांच्यामधून दोन्ही बाजूंना नसांच्या (म्हणजे चेतातंतूंच्या) 8 जोड्या बाहेर पडतात. वयानुसार मणक्यांमधल्या गादीतले पाणी कमी होते, गादी चपटी होते, कडेने हाडाची टोके वाढतात आणि नसेची वाट अरुंद होते. हे सर्वाधिक घडते ते पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मध्ये. तिथे नस दबली की मान दुखतेच, पण खरी असह्य कळ खांद्याच्या पात्यातून दंडात आणि तिथून बोटांपर्यंत जाते. मुंग्या नेमक्या कोणत्या बोटाला येतात, असे डॉक्टर खोदून विचारतात ते याचसाठी. अंगठा आणि तर्जनी बधिर असेल तर संशय सहाव्या नसेवर जातो, मधले बोट बधिर असेल तर सातव्या.

अशा प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रिया लागत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर शहरात 1976 ते 1990 या काळातील अशा 561 रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो 1994 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली होती; शेवटच्या तपासणीच्या वेळी मात्र सुमारे 90 टक्के जणांना त्रास उरला नव्हता किंवा अगदी किरकोळ उरला होता. एमआरआयच्या अहवालात ‘गादी सरकली आहे’ असे वाचून धास्तावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जपानमध्ये कसलीही तक्रार नसलेल्या 1,211 जणांच्या मानेचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांतल्या 87.6 टक्के लोकांची गादी फुगलेली आढळली. अहवाल आणि लक्षणे यांचा मेळ बसला, सहा ते बारा आठवड्यांच्या औषधोपचारांनी आणि व्यायामाने कळ हटली नाही, किंवा हातातली ताकद कमी होत चालली, तरच शस्त्रक्रियेचा विषय निघतो.

दाब नसेवर नसून थेट मज्जारज्जूवर असेल, तर हा हिशेब बदलतो. हा आजार पुष्कळदा फारसा दुखतच नाही, आणि म्हणून तो अधिक घातक आहे. शर्टाची बटणे लावायला वेळ लागू लागतो, साडीच्या निऱ्या हातात धरवत नाहीत, सही बदलते, चालताना पायातली चप्पल कधी निसटली ते कळत नाही. घरचे लोक याला वयाची लक्षणे समजतात आणि त्यात मोलाचे महिने जातात. निरोगी माणूस दहा सेकंदांत साधारण वीस वेळा मूठ उघडझाप करू शकतो. मज्जारज्जू दबलेल्या माणसाची बोटे अडखळतात. इथे शस्त्रक्रियेचा पहिला हेतू आजाराची वाढ थांबवणे हा असतो, आणि गेलेले सगळे परत मिळेल अशी हमी कोणताही प्रामाणिक सर्जन देत नाही.

सर्वांत रूढ शस्त्रक्रिया मानेच्या पुढच्या बाजूने होते. 1950च्या दशकात बाल्टिमोरमध्ये रॉबिन्सन व स्मिथ यांनी आणि हवाईमध्ये क्लोवर्ड यांनी ती विकसित केली. गळ्याच्या घडीत आडवा छोटा छेद घेतात, श्वासनलिका व अन्ननलिका एका बाजूला आणि मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला सारतात, आणि समोर थेट मणका दिसतो. खराब गादी आणि वाढलेली हाडाची टोके काढून त्या जागी हाडाचा तुकडा किंवा छोटा पिंजरा (गादीची जागा भरणारा पोकळ ठोकळा) बसवतात, आणि बहुधा पट्टी व स्क्रूंनी तो पक्का करतात. नसेवरचा दाब त्याच तासा-दोन तासांत जातो. दोन मणके एकमेकांना जुळण्याचे काम मात्र शरीराला करावे लागते आणि त्याला महिने लागतात. शस्त्रक्रियेच्या तयारीकडे याच नजरेने पाहायला हवे.

म्हणूनच तयारीत पहिला क्रमांक तंबाखूचा लागतो. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, नव्या हाडाला रक्त कमी मिळते आणि मणके न जुळण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे ‘सिगारेट ओढता का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्या कितीतरी स्त्रिया रोज सकाळी मिशरी लावतात, आणि तीही तंबाखूच आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. गुटख्याचा धोका आणखी वेगळा आहे. वर्षानुवर्षे गुटखा खाणाऱ्याचे तोंड पुरेसे उघडत नाही आणि भूलतज्ज्ञाला श्वासाची नळी घालणे अवघड जाते. मज्जारज्जू दबलेल्या रुग्णाची मान नळी घालताना फार मागे वाकवता येत नाही, त्यामुळे ही अडचण दुप्पट होते. पूर्वतपासणीला भूलतज्ज्ञाने विचारण्याआधीच हे सांगावे. यात लाज बाळगण्याजोगे काही नाही.

मधुमेह असेल तर साखर आधीच आटोक्यात आणावी लागते, कारण वाढलेली साखर जखमेत जंतुसंसर्गाला वाव देते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचे वेळापत्रक हृदयरोगतज्ज्ञ व सर्जन मिळून ठरवतात. ती स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत. पूर्वी थायरॉइडची किंवा गळ्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास स्वरयंत्राची तपासणी आधी करून घेतात, कारण एका बाजूची स्वरतंतूची नस आधीच निकामी असेल तर दुसऱ्या बाजूला धक्का लागून चालत नाही. शिक्षक, गायक, कीर्तनकार अशा आवाजावर पोट असलेल्या माणसांनी आपला व्यवसाय सर्जनला मुद्दाम सांगावा.

शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र जागरूकतेची असते. क्वचित मानेत रक्त साचून श्वासनलिकेवर दाब येतो. गळा फुगत असेल, गिळणे झपाट्याने अवघड होत असेल किंवा श्वास कोंडत असेल, तर सोबतच्या नातेवाइकाने राउंडची वाट न पाहता परिचारिकेला तत्काळ बोलवावे. घसा दुखणे, घास अडकल्यासारखा वाटणे आणि आवाज बसणे मात्र सुरुवातीला बहुतेकांना होते. मऊ भात, पेज, खिमट असे पदार्थ सरळ बसून लहान घासांनी खावेत. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो.

बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालू लागतात आणि चालणे हाच पहिल्या आठवड्यांतला मुख्य व्यायाम असतो. मानेचा पट्टा लावायचा की नाही हे किती मणके जुळवले आणि ते कसे जुळवले यावर ठरते. वजन उचलण्यावरचे बंधन आपल्या घरांमध्ये सर्वांत आधी मोडते, कारण पाण्याने भरलेली बादली आपल्याला वजन वाटतच नाही; प्रत्यक्षात ती पंधरा किलोंच्या आसपास भरते आणि परवानगी असते ती बहुधा दोन-तीन किलोंची. दुचाकीवर मागे बसून खड्ड्यांतून जाणे टाळावे. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात, म्हणून त्या सर्जनला विचारल्याशिवाय दुकानातून आणू नयेत. सलूनमध्ये कडकन मान मोडून घेण्याची सवय तर कायमची सोडावी.

हातातली कळ अनेकदा शुद्धीवर येतानाच गेलेली असते. ताकद हळूहळू येते आणि बधिरपणा सर्वांत शेवटी जातो, कधी थोडासा उरतोही. इजा झालेला चेतातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. मानेपासून बोटापर्यंतचे अंतर पाहिले तर महिन्यांचा हिशेब का लागतो ते कळते. तिसऱ्या महिन्यात बोट बधिर आहे म्हणून शस्त्रक्रिया फसली असा निष्कर्ष काढून खचून जाणारे रुग्ण पाहिले की वाईट वाटते, कारण ही माहिती त्यांना आधी मिळायला हवी होती.

जुळलेल्या मणक्यांची हालचाल थांबल्याने शेजारच्या गादीवर ताण वाढतो, असे मानले जाते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दरवर्षी सुमारे 2.9 टक्के रुग्णांना शेजारच्या पातळीवर नवा त्रास सुरू झालेला दिसला. त्यातला वाटा जुळवणीचा किती आणि वयाचा किती, यावर अजून वाद आहे. हालचाल टिकवणारी कृत्रिम गादी हा काहींसाठी पर्याय आहे, परंतु हाडे फार झिजलेली असतील, ठिसूळ असतील किंवा मणका अस्थिर असेल तर ती बसवत नाहीत. हा प्रश्न सर्जनला शस्त्रक्रियेच्या तारखेपूर्वी विचारावा, कारण मणके एकदा जुळले की त्या जागी हा पर्याय सहसा उरत नाही.