उत्तर आधीच ठाऊक असलेला मेंदू

पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सारी औषध टोचतात आणि ते शरीरात कुठे किती साठलं, हे यंत्र दाखवतं. त्याने दाखवलेला आकडा खरा की खोटा, हे जिवंत माणसाच्या बाबतीत पडताळणार कसं? मेंदूच्या कुठल्या भागात किती औषध पोचलं, हे डोकं उघडून कोणी मोजत नाही. म्हणून यंत्राची परीक्षा घ्यायला नकली मेंदू वापरतात. त्याला फँटम म्हणतात.

त्यातला नावाजलेला हॉफमन फँटम. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठातले एडवर्ड हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तो मांडला. मेंदूच्या करड्या भागात पांढऱ्या भागाच्या सुमारे चौपट साखर खर्च होते. पण फँटममध्ये किरणोत्सारी औषध मिसळलेलं पाणी तर सगळीकडे सारखंच भरणार, मग चौपट फरक आणायचा कुठून? त्यांनी प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या एकावर एक रचल्या. करड्या भागाची जागा पूर्ण पोकळ ठेवली आणि पांढऱ्या भागात प्लॅस्टिकच्या थरांमध्ये फक्त अरुंद फटी सोडल्या. या फटी इतक्या बारीक, की स्कॅनरला त्या वेगळ्या दिसत नाहीत. त्याला तिथे एकसारखा फिकट भाग दिसतो. यंत्राची अंधूक नजरच त्यांनी कामाला लावली, ही कल्पना मला फार आवडते.

भरण्याचं काम मात्र चिकाटीचं. चकत्यांमध्ये हवेचा बुडबुडा अडकला, तर चित्रात तिथे खोटा काळा डाग उमटतो. त्या औषधातलं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. त्यामुळे औषध मोजण्याच्या खोलीतलं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ यांत दहा मिनिटांचा फरक असला, तरी उत्तर सहा टक्क्यांनी चुकतं. सिरिंजमध्ये उरलेलं औषधही मोजून वजा करावं लागतं.

एवढं करून चित्र काढलं, तरी एकास चार हे प्रमाण पुरतं परत मिळत नाही. करडा थर दोन-चार मिलिमीटरचा, आणि बहुतेक स्कॅनरची नजर त्याहून भरड. करड्याची चमक शेजारी सांडते आणि फरक कमी दिसतो. तो नेमका किती कमी झाला, हे फँटमवरून कळतं.

अल्झायमरवरच्या 'ॲडनी' या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात याचा थेट उपयोग झाला. तिथे अनेक केंद्रं होती आणि यंत्रं वेगवेगळी. प्रत्येक केंद्रावर हॉफमन फँटम स्कॅन केला आणि तीक्ष्ण चित्रं मुद्दाम पुसट करून सगळी आठ मिलिमीटरच्या सारख्या पातळीवर आणली. तसं केलं नसतं, तर दोन यंत्रांमधला फरक रुग्णाच्या मेंदूतला बिघाड म्हणून नोंदला गेला असता.