बुद्धी आणि प्रकटीकरण (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

देवाबद्दल माणसाला स्वतःच्या डोक्याने किती कळतं आणि देवाने आपणहून सांगितलं म्हणून किती कळतं, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातला फार जुना वाद. यातल्या दुसऱ्या प्रकाराला प्रकटीकरण म्हणतात (मराठी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं नावही हेच, त्यामुळे घोळ होतो, पण इथे ते पुस्तक अभिप्रेत नाही). बरेच जण याला सायन्स विरुद्ध धर्म समजतात, पण तसं नाहीये, कारण या वादात दोन्हीकडचे लोक बहुतेक पक्के श्रद्धावान होते आणि भांडण होतं ते बुद्धीची हद्द कुठे संपते यावर.

मुळात बायबलमध्येच दोन्ही सूर सापडतात. येशूचा प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की सृष्टी बघूनच देवाचं सामर्थ्य कळतं, आणि तोच पौल करिंथकरांना लिहितो की जगाचं शहाणपण देवाने मूर्खपणाचं ठरवलं, मग ज्याला जे सोयीचं ते त्याने उचललं. कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने इ.स. 200 च्या आसपास विचारलं की अथेन्सचा आणि जेरुसलेमचा, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानाचा आणि श्रद्धेचा, संबंधच काय (त्याच्या नावावर खपणारं 'हे अतर्क्य आहे म्हणून मानतो' हे वाक्य मात्र त्याने तसं लिहिलेलं नाही). अकराव्या शतकातल्या अन्सेल्म या धर्मपंडिताचं म्हणणं वेगळं, श्रद्धा आधी, पण ती गप्प बसत नाही, तिला समजून घ्यायचं असतं.

थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने (1225–1274) मात्र हद्द नीट आखून दिली. त्याच्या 'सुम्मा थिओलॉजिए' या मोठ्या धर्मशास्त्र-ग्रंथाचा पहिलाच प्रश्न असा की फिलॉसॉफी असताना आणखी वेगळी विद्या कशाला हवी? आणि नेहमीच्या पद्धतीने तो आधी विरोधकांचे मुद्दे मांडतो, मग उत्तर देतो. देव आहे, तो एकच आहे, इथपर्यंत बुद्धी पोचते. त्रैक्य (एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तीन रूपांत) किंवा देवाचं माणूस होणं हे तिच्या आवाक्याबाहेरचं, ते सांगावंच लागतं. पण गंमत पुढे आहे. जे बुद्धीला कळू शकतं तेसुद्धा देवाला सांगावं लागलं, कारण नुसत्या बुद्धीवर सोडलं असतं तर ते थोड्याच लोकांना, खूप काळाने आणि चुकांची भेसळ होऊन कळलं असतं. म्हणजे ज्याला शिकायला सवड नाही त्याचाही विचार यात आहे, आणि मला तरी हा त्याचा सगळ्यात पटणारा मुद्दा वाटतो. डिसेंबर 1273 मध्ये मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करताना काहीतरी अनुभव आला आणि त्याने लिहिणंच सोडलं, आजवर लिहिलेलं सगळं काडीकचरा वाटतं म्हणाला, 'सुम्मा' अर्धवटच राहिला.

पुढे प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या ल्यूथरने बुद्धीला अगदी शिवराळ शब्दांत झोडपलं. उलट कॅथलिक चर्चच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने 1870 मध्ये ठरवून टाकलं की बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात देव निश्चितपणे कळू शकतो. प्रोटेस्टंट धर्मपंडित कार्ल बार्टला हे अजिबात मान्य नव्हतं, 1934 मध्ये एमिल ब्रुनर या दुसऱ्या प्रोटेस्टंट धर्मपंडिताला दिलेल्या उत्तराचं शीर्षकच त्याने 'नाही!' असं ठेवलं.

हा वाद आपल्या माणसांनीही घातलाय. काशीत वाढलेले कोकणस्थ पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांनी 1844 च्या सुमारास जॉन म्यूर या ख्रिस्ती संस्कृत पंडिताच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत पुस्तकाला उत्तर म्हणून 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. म्यूर म्हणत होता की धर्म तर्काने तपासा, आणि शास्त्रीबुवांचं उत्तर असं की आधी शास्त्रावर श्रद्धा, तर्क त्यानंतर, त्याच्या हाताखाली. म्हणजे हिंदू बाजूने लढताना ते जे बोलत होते ते कुठल्याही ख्रिस्ती धर्मपंडिताला ओळखीचं वाटलं असतं! 1848 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या गोरे झाले, आणि मग 1860 च्या 'षड्दर्शन दर्पण'मध्ये आधी हाताखाली ठेवलेला तोच तर्क त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहा दर्शनांवर चालवला. पण नंतर ब्राह्मो समाजाचे लोक नुसत्या बुद्धीने देव कळतो म्हणायला लागले तेव्हा गोरे परत जुन्या जागी आले, प्रकटीकरणाशिवाय ते कळतच नाही म्हणाले, फरक इतकाच की आता हातात शास्त्र वेगळं होतं.