थिजताना ऊब देणारं काँक्रीट

थंड देशांत हिम वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, कारण "मीठ उष्ण असतं". हे उत्तर मी चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांकडून ऐकलं आहे. ज्यांनी घरी पॉटमध्ये आइस्क्रीम केलंय, त्यांनी तरी असं म्हणू नये. बर्फात जाडं मीठ घातलं की बर्फ वितळतो आणि मिश्रण शून्याच्या खाली जातं. म्हणूनच आतलं दूध गोठतं. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं, उष्णता देत नाही. शिवाय ते झिरपून काँक्रीटमधल्या सळया गंजवतं.

मग उष्णता रस्त्यातच साठवली तर? फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी डिसेंबर 2021 पासून काँक्रीटच्या लाद्या उघड्यावर ठेवून हेच तपासलं. त्या काँक्रीटमध्ये त्यांनी पॅराफिन, म्हणजे एक प्रकारचं मेण घातलं होतं. मेणबत्तीचं नव्हे, हे 5-6 अंशांनाच थिजतं.

यातली खरी गंमत थिजण्यात आहे. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली पांढरी होते, ते आठवा. पातळ तेलात थर्मामीटर बुडवून बाटली थंडीत ठेवली, तर पारा उतरत जातो आणि तेल थिजू लागलं की रेंगाळतो. कधी तर किंचित वर चढतो! द्रवात सैरभैर फिरणारे रेणू स्फटिकात आपापल्या जागी बसतात, तेव्हा त्यांची जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. काँक्रीटमधलं मेण दुपारी वितळताना जी उष्णता पोटात घेतं, ती रात्री थिजताना परत करतं.

मेण घालण्याच्या दोन पद्धती त्यांनी वापरल्या: सूक्ष्म कुप्यांत भरून, किंवा सच्छिद्र हलक्या खडीत मुरवून. खडीची लादी सरस ठरली. अतिसूक्ष्म छिद्रांत द्रवाचा गोठणबिंदू घसरतो, आणि छिद्रं लहानमोठी असल्याने सगळं मेण एकदम थिजत नाही. उष्णता हळूहळू सुटत राहते. बाहेर हवा शून्याखाली असतानाही ही लादी सुमारे 10 तासांपर्यंत 5.5 ते 12.8 अंशांच्या दरम्यान राहिली.

"स्वतःच तापणारा रस्ता" असे मथळे मात्र दिशाभूल करतात. इथे ऊर्जा कुठूनही निर्माण होत नाही, ती उन्हाकडून आणि हवेकडून घेतलेली असते. हिशेब मांडून पाहा. एक चौरस मीटरवर भुसभुशीत हिमाचा 1 सेंटिमीटर थर म्हणजे साधारण 1 किलो. तो वितळवायला 334 किलोजूल लागतात आणि एक किलो पॅराफिन थिजताना सुमारे 200 किलोजूल देतं. म्हणजे दर सेंटिमीटरला पावणेदोन किलो मेण, तेही हवेत वाया जाणारी उष्णता न धरता. दोन-तीन सेंटिमीटरच्या हिमाला लादी पुरून उरेल, फूटभर थराला नाही. आणि मेण पुन्हा वितळण्याआधीच दुसरं हिम कोसळलं, तर त्या रात्री फावडं हाती घ्यावंच लागेल.