गरोदरपणात वजन किती वाढावं? एका तक्त्याची पार्श्वभूमी

गरोदर बाईचं वजन फार वाढू द्यायचं नाही, हाच एके काळी डॉक्टरी शहाणपणा होता. १८८९ मध्ये एका जर्मन डॉक्टरने ओटीपोटातला हाडांचा मार्ग अरुंद असलेल्या बायकांना शेवटच्या आठवड्यांत पाणी आणि पिष्टमय पदार्थ कमी असलेला आहार सुचवला, तो मूल लहान राहावं म्हणूनच. सिझेरियन तेव्हा जिवावर बेतायचं. पुढे कारण बदललं, सल्ला तोच राहिला: विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या आणि झटक्यांच्या भीतीने १५ ते २० पौंडांपेक्षा (सुमारे ७ ते ९ किलो) जास्त वजन वाढू दिलं जात नसे. 'जास्त खाऊ नकोस, बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल' म्हणणाऱ्या आपल्याकडच्या सासवांना उगाच अडाणी ठरवलं जातं.

हा समज ढिला पडायला दुष्काळ लागला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये ज्यांचे शेवटचे तीन महिने उपासमारीत गेले, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी सुमारे ३०० ग्रॅमने घटलं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या एका समितीने मर्यादा २० ते २५ पौंडांवर (सुमारे ९ ते ११ किलो) नेली. १९९० मध्ये तिथेच सगळ्यांना एकच आकडा देणं बंद झालं आणि गरोदरपणाआधीच्या बीएमआयनुसार, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती यानुसार, तक्ता आला.

खरा घोळ २००९ च्या सुधारित तक्त्याचा आहे, आणि आज सोनोग्राफीच्या फाइलीत, मोबाइल अॅपवर दिसतो तो बहुधा हाच. बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर १२.५ ते १८ किलो, २५ च्या आत ११.५ ते १६, त्यावर ७ ते ११.५, आणि ३० च्या पुढे ५ ते ९. १९९० च्या शिफारशीत एक ओळ होती: १५७ सेंटिमीटरपेक्षा बुटक्या बायकांनी खालच्या आकड्याकडे राहावं. पुरावा पुरेसा नाही म्हणून ती २००९ मध्ये गळली. अमेरिकेत ती थोड्यांसाठी होती. आपल्याकडे बहुसंख्य बायका तिच्यात बसल्या असत्या. शिवाय भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ वर नाही, २३ वर ओढली जाते. म्हणजे १५२ सेंटिमीटर उंच, ५४ किलो वजनाची बाई घ्या. बीएमआय साधारण २३.४. अमेरिकन रेघेने तिने १६ किलोपर्यंत वाढायला हरकत नाही. भारतीय रेघ लावून तोच तक्ता वाचला तर ११.५ ला थांबायचं. दोन दवाखान्यांत दोन उत्तरं मिळतात ती अशी.

सरकारी आरोग्यसेविकांच्या पुस्तिकेत ९ ते ११ किलो आहे, पहिल्या तिमाहीनंतर महिन्याला साधारण दोन. महिन्यात तीनच्या वर गेलं तर सूज आणि रक्तदाब बघायचा. जुनी भीती इथे योग्य जागी उरली आहे. पण नोंदणीलाच तिसरा-चौथा महिना उजाडला असेल, तर आधीचं वजन कोणालाच माहीत नसतं आणि बीएमआयचा तक्ता कागदावरच राहतो.

नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झालेल्या अभ्यासाने प्रश्नच फिरवला. आयांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास, बाळं २.७ किलोची. बाळं बारीक खरी, पण स्नायू कमी आणि चरबी मात्र टिकलेली. किलोपेक्षा ताटात काय आहे याला महत्त्व दिसलं: पालेभाज्या, फळं, दूध खाणाऱ्यांची बाळं मोठी होती. मग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत याच पदार्थांचा रोजचा खाऊ देऊन पाहिला. एकंदरीत जन्मवजनात ठोस फरक पडला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांत सुमारे ४८ ग्रॅम वाढ दिसली, तीही मुळात अगदी बारीक नसलेल्या बायकांतच जास्त. गरोदर राहिल्यावर सुरू होणाऱ्या योजनांना हे गैरसोयीचं आहे. राज्याच्या आदिवासी भागांत २०१५ पासून मिळणारं एक वेळचं चौरस जेवण गरजेचंच, पण तेही गरोदरपण लागल्यावरच सुरू होतं.

२०१६ मध्ये आठ देशांतल्या निरोगी बायकांवरून गरोदरपणातल्या वजनवाढीचे आंतरराष्ट्रीय तक्ते निघाले, त्यात नागपूरही होतं. ४० आठवड्यांना सरासरी वाढ १३.७ किलो. त्यात घेतल्या होत्या त्या मात्र फक्त सामान्य बीएमआयच्या बायका. पुण्याजवळच्या त्या खेड्यांतल्या कितीतरी आया त्यात बसल्याच नसत्या.