शिकागो पब्लिक लीग

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो शहराच्या सार्वजनिक हायस्कुलांची क्रीडा संघटना. स्थापना १९१३. अमेरिकेत हायस्कूलचे खेळ ‘कॉन्फरन्स’ किंवा ‘लीग’ म्हटल्या जाणाऱ्या कायमच्या गटांतून चालतात. जवळपासच्या शाळा एकत्र येतात, हंगामभर आपापसांत साखळी सामने खेळतात, गटविजेता ठरवतात आणि मग राज्य स्पर्धेकडे वळतात. आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या शालेय स्पर्धांत हरलेला संघ तिथेच संपतो. शिकागोत मात्र आज ज्याच्याकडून मार खाल्ला त्याच्याशी पुढच्या वर्षी पुन्हा गाठ असते, त्यामुळे शाळाशाळांतील चुरस बापाकडून मुलाकडे जाते.

या लीगची पूर्वज म्हणजे १८९० च्या सुमारास सुरू झालेली कुक काउंटी हायस्कूल लीग. तिच्यात शहराच्या आणि आसपासच्या उपनगरांच्या शाळा एकत्र खेळत. सुरुवातीला कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती होता. सामने तेच ठरवत आणि भांडणेही तेच सोडवत. बाहेरचा खेळाडू शाळेचा म्हणून उतरवल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की अखेर मुख्याध्यापकांनी सूत्रे घेतली. फुटबॉल (अर्थात अमेरिकन), बेसबॉल आणि मैदानी शर्यतींबरोबर ही मुले हिवाळ्यात बंदिस्त जागेत बेसबॉल खेळत. १८८७ मध्ये शिकागोतच जन्मलेल्या या खेळातून पुढे सॉफ्टबॉल आला.

या जुन्या लीगचा दरारा १९०२ च्या डिसेंबरमध्ये देशभर पोचला. फुटबॉलमध्ये तिच्या हाइड पार्क शाळेने न्यूयॉर्कहून आलेल्या ब्रुकलिन पॉलिटेक्निक शाळेला १०५–० असे चिरडले. संघात वॉल्टर एकरसॉल आणि कृष्णवर्णीय खेळाडू सॅम रॅन्सम होते. एकरसॉलला आपल्याकडे ओढण्यासाठी शिकागो विद्यापीठाचे प्रशिक्षक स्टॅग आणि मिशिगनचे योस्ट यांच्यात चढाओढ लागली. शालेय खेळाडूंवर विद्यापीठांचा डोळा असणे ही आजची खोड नव्हे.

१९१३ मध्ये जुनी लीग फुटली. ओक पार्क, एव्हन्स्टन, न्यू ट्रिअर अशा उपनगरी शाळांनी सबर्बन लीग काढली आणि शहरात उरलेल्या शाळांची पब्लिक लीग झाली. कॅथलिक शाळांनी आदल्याच वर्षी आपली वेगळी चूल मांडली होती. म्हणजे एका महानगराची मुले उपनगर, शहर आणि चर्च अशा तीन मैदानांत वाटली गेली. ही वाटणी निव्वळ खेळाच्या सोयीची होती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

पब्लिक आणि कॅथलिक लीगचे विजेते शहराच्या फुटबॉल अजिंक्यपदासाठी एकमेकांना भिडत. हाच पुढे ‘प्रेप बोल’ म्हणून गाजलेला सामना. २७ नोव्हेंबर १९३७ रोजी सोल्जर फील्ड या स्टेडियमवर ऑस्टिन आणि लिओ या शाळांचा सामना पाहायला अंदाजे १,२०,००० लोक आले. व्यावसायिक संघांनाही हेवा वाटावा अशी ही गर्दी बिल डेकॉरव्हाँट या ऑस्टिनच्या पोरासाठी होती. महापौर एडवर्ड केली यांनी सामना गरीब मुलांच्या नाताळच्या कपड्यांच्या निधीशी जोडला होता, त्यामुळे तिकिटे खपवायला पालिकेची यंत्रणाही राबली. ऑस्टिन २६–० ने जिंकले. १९६२ मध्येही या सामन्याला ९१,३२८ प्रेक्षक होते, पण तेव्हा कॅथलिक फेनविकने पब्लिक लीगच्या शुर्झचा ४०–० असा फडशा पाडला.

गर्दीचे आकडे फुटबॉलचे असले, तरी लीगची खरी ओळख बास्केटबॉलने घडवली. दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी शहराचा दक्षिण व पश्चिम भाग भरला आणि तिथल्या शाळांच्या व्यायामशाळांत वेगवान, धावता खेळ रुजला. १९५४ मध्ये डुसेबल शाळा राज्याच्या अंतिम सामन्यात पोचली. सर्व खेळाडू कृष्णवर्णीय असलेला इलिनॉयमधील असा हा पहिलाच संघ. माउंट व्हर्ननकडून तो ७६–७० ने हरला. पंचांच्या निर्णयांबद्दलची नाराजी शहरात पुढे कित्येक वर्षे ऐकू येत होती. १९५८ मध्ये मार्शलने एकही सामना न गमावता राज्य विजेतेपद शहरात आणले. शिकागोच्या सार्वजनिक शाळेचे ते पहिले. १९६३ मध्ये कार्व्हर शाळेने राज्याचा अंतिम सामना ५३–५२ असा एका गुणाने जिंकला.

पुढच्या काळावर सिमियन शाळेचा ठसा आहे. १९८४ मध्ये बेन विल्सनने तिला राज्य विजेतेपद मिळवून दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, शाळेजवळ त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात त्याचा अंत झाला. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. त्याच्या जर्सीवरचा २५ क्रमांक नंतर डेरिक रोझने सिमियनमध्येच अंगावर घेतला आणि २००६ व २००७ ही दोन्ही विजेतेपदे जिंकली. जबारी पार्करच्या काळात, २०१० ते २०१३, सलग चार आली.

मुलींच्या खेळाला मात्र फार उशिरा दार उघडले. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा संघीय कायदा १९७२ चा, तर इलिनॉयमध्ये मुलींची राज्य बास्केटबॉल स्पर्धा १९७७ पासूनची. मार्शलच्या प्रशिक्षक डॉरोथी गेटर्स यांनी १९८२ मध्ये पहिले राज्य विजेतेपद मिळवले आणि २०२० मध्ये निवृत्त होईपर्यंत हजाराहून अधिक सामने जिंकले. एवढी सलग हुकमत लीगमध्ये पुरुष प्रशिक्षकांतही शोधावी लागेल.

आज लीगमधील बास्केटबॉल संघ ‘रेड’, ‘व्हाइट’ अशा रंगांच्या गटांत विभागलेले असून कामगिरीनुसार वरखाली होतात. रेड-साउथ हा गट त्यांत सर्वांत खडतर समजला जाई. फुटबॉलमध्ये १९७४ पासून राज्याच्या बाद फेऱ्या सुरू झाल्या आणि प्रेप बोलचे तेज ओसरले. राज्य फुटबॉल विजेतेपदासाठी लीगला २०१५ पर्यंत थांबावे लागले. ते फिलिप्स शाळेने, अंतिम सामन्यात ५१–७ असा विजय मिळवून पटकावले.