‘द डाइंग काउबॉय’ : एक नाव, दोन गाणी

‘द डाइंग काउबॉय’ या नावाने शोध घेतला की दोन वेगळीच अमेरिकी लोकगीतं हाती लागतात. एक ‘स्ट्रीट्स ऑफ लारेडो’, म्हणजेच ‘काउबॉइज लॅमेंट’. दुसरं ‘बरी मी नॉट ऑन द लोन प्रेअरी’. दोन्हींत तरुण काउबॉय मरणाच्या दारात आहे आणि आपल्या दफनाबद्दल बोलतो आहे, त्यामुळे गल्लत होणारच. फ्रँक मेनार्ड हा गुराखी सांगत असे की पहिल्या गाण्याचं आपलं रूप त्याने १८७६ मध्ये रचलं. त्याला त्याने ‘द डाइंग काउबॉय’ असं नाव दिलं होतं. पुढे लोकगीतं गोळा करणाऱ्या जॉन लोमॅक्सने १९१० च्या संग्रहात हे नाव दुसऱ्या गाण्यावर घातलं आणि पहिलं ‘काउबॉइज लॅमेंट’ म्हणून छापलं. तेव्हापासून हे नाव दोन घरी नांदतं आहे.

फरक ओळखायचा तर मरणारा काय मागतो ते ऐका. लारेडोच्या रस्त्यावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला तरुण वाटसरूला सांगतो: जुगाराच्या नादी लागलो, छातीत गोळी बसली, आता ढोल हळू वाजवा, बासरी मंद सुरात वाजवा, शवपेटीवर गुलाब ठेवा, म्हणजे वर पडणाऱ्या ढेकळांचा आवाज दबेल. हे सगळं त्याला मिळतं. प्रेअरीतला, म्हणजे विस्तीर्ण गवताळ माळावरचा तरुण उलट विनवतो, मला या उजाड माळावर पुरू नका, घरी आपल्या माणसांजवळ न्या. त्याचं कोणी ऐकत नाही. सहा बाय तीनच्या अरुंद खड्ड्यात त्याला तिथेच पुरतात, जिथे कोल्ह्यासारखे दिसणारे कायोटी ओरडतात आणि वारा मोकाट सुटतो.

दोन्ही गाणी उसनी आहेत आणि शिवण कुठे घातली ते अजून दिसतं. लारेडोची शिवण तर फारच सुंदर आहे. जुगारात मारल्या गेलेल्या गुराख्याला ढोल-बासरीची लष्करी अंत्ययात्रा कशाला? कारण हे गाणं ब्रिटन-आयर्लंडकडच्या ‘द अनफॉर्च्युनेट रेक’ या कथागीताच्या कुळातलं आहे. त्यातला तरुण बहुतेक रूपांत सैनिक किंवा खलाशी असतो, गुप्तरोगाने मरतो आणि वेळेत कळलं असतं तर पाऱ्याची औषधं घेतली असती म्हणून हळहळतो. अमेरिकेत रोगाच्या जागी बंदुकीची गोळी आली, पण ढोल तसाच राहिला. गावही बदलत राहिलं. मेनार्डच्या रूपात टेक्सासमधलं लारेडो नाही, कॅन्सासच्या डॉज सिटीतला टॉम शर्मनचा बार आहे. या कुळातली वीस रूपं एकत्र ऐकायची असतील तर फोकवेज या रेकॉर्ड कंपनीची १९६० ची एलपी ‘द अनफॉर्च्युनेट रेक’ मिळवा. एकच मृत्यू माणसागणिक कसा बदलत गेला, ते तिच्यात नीट ऐकू येतं.

प्रेअरीचं मूळ समुद्रात आहे. एडविन चॅपिन यांची १८३९ मध्ये छापली गेलेली कविता खोल समुद्रात दफन करू नका म्हणणाऱ्या तरुणाची आहे. पुढे जॉर्ज अ‍ॅलन यांनी तिला चाल दिली. गुराख्यांनी ‘डीप, डीप सी’ काढून ‘लोन प्रेअरी’ घातलं आणि सुरुवातीच्या ओळी जवळपास तशाच ठेवल्या, अगदी मरणाऱ्याच्या फिकट ओठांसकट.

रेकॉर्ड निवडताना नावावर जाऊ नका. कार्ल स्प्रेगच्या १९२६ च्या व्हिक्टर रेकॉर्डवर ‘द डाइंग काउबॉय’ हे शब्द आहेत, पण ती प्रेअरी आहे. त्याच कंपनीसाठी हॅरी मॅक्लिंटॉकने १९२८ मध्ये गायलेलं ‘काउबॉइज लॅमेंट’ मात्र लारेडो आहे. सूचीत राउड क्रमांक (इंग्रजी लोकगीतांच्या राउड सूचीतला गाण्याचा क्रमांक) दिला असेल तर प्रश्नच मिटतो: प्रेअरी ६३१, लारेडो २३६५०. नसेल तर पहिलं कडवं ऐका. ‘अ‍ॅज आय’ म्हणत निवेदक चालत आला तर लारेडो, विनवणीनेच सुरुवात झाली तर प्रेअरी. तालावरूनही अंदाज येतो. लारेडो एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असं झुलतं. प्रेअरीच्या चाली मात्र एकाहून अधिक आहेत, म्हणून तिथे निव्वळ तालावर विसंबू नका.

शेजारी ठेवून ऐकायला सर्वांत सोयीचा गायक जॉनी कॅश. १९६५ च्या ‘बॅलड्स ऑफ द ट्रू वेस्ट’मध्ये दोन्ही गाणी आहेत. पुढे प्रेअरी त्याने १९९४ च्या ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’मध्ये परत गायली आणि लारेडो २००२ च्या ‘द मॅन कम्स अराउंड’मध्ये. त्या शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज थकलेला आहे, श्वास पुरत नाही, आणि ढोल हळू वाजवा ही मागणी गायकाचीच वाटते. १९६५ चं लारेडो आधी ऐका, मग हे.