साप चावून किंवा फवारणीत शेतकरी गेला, तर पोलीस ठाण्यातून कोणते कागद आणायचे

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी 2 लाख रुपये मिळतात. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या घरातला एक जण (आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, अविवाहित मुलगी) पात्र असतो, वय 10 ते 75. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. सातबारा, 6-क ची वारस नोंद, वयाचा दाखला, आधार आणि पासबुक तलाठ्याकडून नि घरातून जमून जातं. घोडं अडतं ते ठाण्यातल्या कागदांवर.

साप चावला, विहिरीत पडला, तर त्यात कोणाचा गुन्हा नसतो. म्हणून एफआयआर होत नाही, मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो. तरी कृषी कार्यालयातला बाबू एफआयआरच मागतो, ठाण्यात सांगतात की तो झालाच नाही, आणि मागे राहिलेली बाई दोन्हीकडे चकरा मारते. योजनेच्या कागदपत्रांच्या यादीत मात्र प्रथम माहिती अहवाल, स्थळ पंचनामा आणि पोलीस पाटलाचा अहवाल एकाच ओळीत, मधे तिरपी रेघ देऊन लिहिले आहेत. रेघ म्हणजे 'किंवा'. ती ओळ बाबूसमोर ठेवा.

ठाण्यात गेल्यावर ठाणेदारसाहेबांची वाट पाहत बाकावर बसू नका, तुमचा कागद त्यांच्या टेबलावर नसतो. दारासमोर बसतो तो ठाणे अंमलदार. खबर तो घेतो, स्टेशन डायरीत नोंदवतो, मर्ग क्रमांक तिथेच मिळतो. तो क्रमांक लिहून घेतल्याशिवाय निघू नका, पुढे प्रत्येक जण तोच विचारतो. चौकशी बीट जमादाराकडे, म्हणजे तुमच्या गावाचा भाग ज्याच्याकडे आहे त्या हवालदाराकडे जाते. घटनास्थळ पंचनामा आणि बयाण (जबाब) त्याचं काम. पोळा, गणपती, निवडणूक आली की तो बंदोबस्तात असतो, म्हणून आधी फोन करून जा. त्याने कागद जमा केले की ते मोहररच्या, म्हणजे ठाण्यातले कागद सांभाळणाऱ्याच्या ताब्यात जातात आणि साक्षांकित नकला तिथून निघतात. साधा लेखी अर्ज द्या, त्यात मर्ग क्रमांक, तारीख आणि मृताशी नातं लिहा.

बयाण देताना घाई करू नका. फवारणीतल्या विषबाधेत दवाखान्याच्या मेमोवर 'विष प्राशन' असं पडलेलं असतं, कारण भरती करताना कोणीतरी घाबरून तेवढंच सांगितलेलं असतं. आत्महत्येला ही योजना लागू नाही, त्यामुळे त्या दोन शब्दांवर प्रस्ताव पडतो. कोणत्या शेतात, कोणत्या पिकावर, कोणतं औषध फवारत होता, हे बयाणात आलंच पाहिजे. डबा जपून ठेवा आणि जप्त करायला सांगा. नावही सातबाऱ्यावर आहे तसंच सांगा. घरी 'बंडू' म्हणतात म्हणून पंचनाम्यात बंडू लिहिलं गेलं, तर नंतर दुरुस्तीला महिने जातात.

पेशंट नागपूर मेडिकलला किंवा सेवाग्रामला नेला आणि तिथे वारला, तर गुंता वाढतो. मरणोत्तर पंचनामा त्या दवाखान्याच्या हद्दीतले पोलीस करतात, मर्ग आधी तिकडे नोंदला जातो, कागद मागाहून तुमच्या ठाण्यात येतात. म्हणजे दोन ठाणी, दोन क्रमांक. तिकडचा क्रमांक दवाखान्याच्या चौकीतूनच लिहून आणा, नाहीतर तुमचा मोहरर 'कागद आले नाही' एवढंच सांगत राहील, आणि त्याचं म्हणणं खोटंही नसतं. मृत्यू दाखलाही जिथे जीव गेला तिथल्याच कार्यालयातून मिळतो. ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही.

पीएम (शवविच्छेदन) रिपोर्टमध्ये मृत्यूचं कारण राखून ठेवलं असेल, तर व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेत गेलेला असतो. अहवालाला महिने लागतात. इथेच मुदत हुकते: प्रस्तावाचे 30 दिवस अपघातापासून मोजतात, रिपोर्ट हाती आल्यापासून नाही. जे आहे ते मुदतीत द्या, 'व्हिसेरा अहवाल प्रलंबित' असं अर्जातच लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या. टेबलावरचा माणूस 'पूर्ण झाल्यावर आणा' म्हणाला, तर आवक विभागात टाकून पोच घ्या.

वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला असेल, तर भरपाई वनविभागाकडून मिळते. वनरक्षकाला लगेच कळवा. वीज पडून गेलेल्यासाठी नैसर्गिक आपत्तीतून 4 लाख मिळतात, तो अर्ज तहसीलला करायचा. मर्गाचे कागद मात्र तिथेही मागतात, म्हणून नकला काढतानाच दोन संच घ्या.